कोऱ्या पानावरच्या दोन सह्या

पुंजा, काल तुही तेरवी झाली. जेवण चांगलं होतं. पुऱ्या होत्या, बुंदी होती, वांग्याची भाजी होती, अन् जिंदगीभर तू ज्याच्या विरोधात बोलला ते सगळंच होतं. दहाव्याले पिंड ठेवले तवा कावळा येईना. मंग तुहा मोठा भाऊ हात जोडून म्हणे, "पुंजा, तुह्या पुस्तकायची काळजी करू नको, आम्ही सांभाळू, शिव रे बाबा." अन् कावळा शिवला बे. सगळ्यायले लय समाधान झालं.

पंगतीत मी बाजूच्या माणसाले म्हणलो, पुंजा असता त पत्रावळीवरून उठून गेला असता. पण तुह्याशी खोटं कायले बोलू? तू उठला नसता. तू दोन पुऱ्या जास्तीच्या घेतल्या असत्या, अन् रविवारी ओसरीवर बसून तेरवीवर तासभर बोलला असता. मी बाजूले बसून हो हो केलं असतं. तुह्यासारखा बोलणारा अन् माह्यासारखा मान हालवणारा, असे दोघं जण धाड गावच्या बाजारात दुसरे नव्हते.

आज हे लिहून राह्यलो त तुही तारीफ करायले नाही. तुह्या एका सहीखाली माही सही आहे. त्या सहीचं काम पडलं त्या दिवशी मी, तुहा सत्तार बाइंडर, तुह्या अंगणात उभा होतो, अन् माह्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. ते तुले सांगायचं आहे. तुह्याशिवाय दुसऱ्या कोणाले सांगू?

तुह्या कपाटातली पुस्तकं कशी आली, याद आहे नं? त्या साली पह्यल्यांदा बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं गावात आली होती. दुकानासमोर सकाळपासून रांग, तूही रांगेत, डोक्शाले रुमाल बांधून. समोरच्या बंद पडलेल्या वाचनालयातून भंगारवाला पुस्तकं पोत्यात भरून राह्यला होता. तू रांग सोडली. शंभर-सव्वाशे सालं जुनी पुस्तकं, बायकायच्या शिक्षणावरची, विधवायच्या हालावरची, जातीवरची, देवाच्या नावानं लोकायले लुबाडणाऱ्यायवरची, राज्यकर्त्यायले खडसावणारी. तू ती पोती उचलून माह्या दुकानात आणून टाकली अन् म्हणला, "सत्तार, यायले जिवंत कर." परत जाईपर्यंत पाकिटं खतम झाली होती. त्या साली साऱ्या गावानं बीटी पेरली अन् तू ज्वारी. लोकं हासले. "पुंजानं औंदा पुस्तकं पेरली," म्हणे.

दुसऱ्या साली तूही बीटीच पेरली म्हणा. पण त्या पह्यल्या सालचा पुंजा मी कधी विसरलो नाही. तसा माणूस म्या पुन्हा पाह्यला नाही, तुह्यातही फक्त एक दिवस.

दोन महिने लागले मले. पानं सुटी केली, कसरीनं खाल्लेल्या कडा कापल्या, शिवण मारली, मोरचूद घालून खळ शिजवली, पुठ्ठे चढवले, शिकंजात दाबले. अन् रीतीप्रमाणं हरेक पुस्तकाले पुढं-मागं दोन कोरी पानं लावली. ते कोरं पान पुस्तकाच्या अंगरख्यासारखं असते, छापल्या पानाले मार लागू देत नाही. तू काय केलं? पह्यल्याच आठवड्यात त्याच्यावर पेननं लिहून ठेवलं. म्या बोंब मारली. "अबे, हे कायले घाण केलं?" तू म्हणला, "पुस्तक वाचून मनात जे आलं ते कुठी लिहू, पऱ्हाटीच्या पानावर?" मंग मीही चिडून त्याच्याखाली माहं लिहलं. तिथून आपली सवयच पडली. तू लिहायचा, पुस्तक माह्याकडे यायचं, मी खाली जवाब लिहायचा. चाळीस पुस्तकायची कोरी पानं आपल्या भांडणानं भरली. पान भरलं की मी नवं लावून देत होतो.

रविवारी दुपारी ओसरीवर तू मोठ्यानं वाचायचा. चार-पाच जण यायचे, कापूस वेचणीच्या दिवसात दोघंच, तू अन् मी. एकदा तू बायकायच्या शिक्षणावरचं ते निळ्या पाठीचं वाचत होता. काय आवाज चढला होता तुहा! "ज्या घरात बाईच्या हाती पुस्तक नाही, ते घर आंधळं," असं काहीतरी तू आपल्या मनचं म्हणला अन् त्याच दमात आत पाहून ओरडला, "तुळसा, चहा आण व, किती येळ?" मी हासलो. तू काऊन हासतो म्हणून इचारलं. म्या सांगतलं नाही. चहा गोड होता. कप देऊन गेल्यावर तुळसावैनी दाराआड उभ्या राहत होत्या, मले लुगड्याचा काठ दिसे. मले वाटे, कप न्यायले थांबल्या असतीन.

एकदा म्या म्हणलो होतो, "वैनीले दे की एखादं वाचायले." तू म्हणला, "तिले कुठी टाइम आहे? अन् चौथी शिकलेली बाई हे जड मराठी काय वाचीन?" म्या जोर देल्ला नाही. माह्या घरी तरी म्या कोणाच्या हाती देल्लं होतं?

आपलं सगळ्यात मोठं भांडण बहिणीवरून. ते सहा पुस्तकायच्या मागच्या पानायवर आहे, अजूनही संपलं नाही. तू तुह्या गोदाबाईकडून हक्कसोड लिहून घेतली, लुगडं-चोळी नेसवून. म्या माह्या हमीदाकडून घेतली, तिले रोहिणखेडले जाऊन कपड्याचा जोडा देल्ला अन् अंगठा घेऊन आलो. तू लिहलं, "सत्तार, तुमच्या किताबात बहिणीचा हिस्सा लिहलेला आहे. आम्हाले त पुस्तकं भंगारातून आणा लागली. तुहं घरात होतं, तरी तू खाल्लं." म्या लिहलं, "तू साऱ्या गावाले वाचून दाखवतो, आधी तू परत कर." तू लिहलं, "तुह्यावर त खुदाचा हुकूम आहे, आधी तू." मी, "तू वाचणारा, आधी तू." दहा सालं चाललं हे, पुंजा. आपण हासत होतो. लय शहाणे आहोत असं वाटे. तवर गोदाबाई रांडावली, दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायले जाऊ लागली, अन् हमीदाचं घर एका बाजूनं बसलं.

तू एक गोष्ट नेहमी म्हणायचा. बीटीचं बियाणं घरी धरता येत नाही, दरसाली पाकीट इकत आणा लागते. पण सुधारणा घरच्या बियाण्यासारखी असते, घरात धरली तरच टिकते. लोकं मान हालवायचे. तू घरात काय धरलं, हे कोणी इचारलं नाही. म्याही नाही.

तरी एक दिवस तू खरा होता, अन् तो दिवस कोणी तुह्यापासून हिसकू शकत नाही. तीन सालं झाली. मागच्या गल्लीतला रुक्माचा नवरा कपाशीवर मारायचं औषध पिऊन गेला. कायले गेला ते मी लिहत नाही, पेपरवाल्यायनं लय लिहलं अन् दोन दिवसात विसरले. तिकडून मयत उठायची होती, इकडं बायका रुक्माले घेरून बसल्या, एकीनं बांगड्या फोडायले वरवंटा आणला. सव्वीस-सत्तावीसची पोरगी ती. तू दारात जाऊन उभा राह्यला, हातात ते लहानसं पिवळं पुस्तक, विधवायच्या हालावरचं, अन् वाचायलेच लागला.  रुक्माची सासू म्हणे, "मेल्या, माहं पोरगं जाऊन पडलं अन् तू पोथी काय वाचून राह्यला?" तू थांबला नाही. एक पान झालं, दुसरं पान झालं. कोणी शिव्या देल्ल्या, कोणी तुह्या अंगावर माती फेकली. तिसऱ्या पानाले ती बाई उठली अन् वरवंटा चुलीपाशी ठेवून आली. लाजली म्हण नाहीतर कंटाळली म्हण. रुक्माच्या हातात बांगड्या राह्यल्या. त्या दिवशी मले तुहा दोस्त असल्याचा गर्व वाटला, अन् तो अजूनही वाटते.

त्याच संध्याकाळी तू पिवळं पुस्तक घेऊन दुकानात आला. मागचं कोरं पान उघडलं अन् लिहलं, "मी गेल्यावर माझ्या बायकोच्या बांगड्या कोणी फोडू नये, कुंकू पुसू नये, मंगळसूत्र तोडू नये. तेरवी घालू नये." खाली सही. मले म्हणला, साक्षीदार म्हणून कर. म्या केली.

म्या इचारलं, "वैनीले सांगतलं काय?"

"सांगीन नं. घाई काय आहे, उद्या मरून राह्यलो काय?"

"भावाले?"

"तो ऐकते थोडाच? तू आहे नं."

तू आहे नं. हे तीन शब्द तेरा दिवसापासून माह्या कानात आहेत.

तू कापूस वेचता वेचता पडला अन् उठलाच नाही. तुले पऱ्हाटीतून बाजेवर आणलं तवा मी दुकान उघडं टाकून पळत आलो. औंदा बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, तरी तू वेचायले गेलाच होता. अंगणात माणसं, आत बायका, दार सताड उघडं. तुहं लोखंडी कपाट त्याच खोलीत, भिंतीले. बायका त्यालेच टेकून बसल्या होत्या. पिवळं पुस्तक त्यायच्या पाठीपासून हातभर अंतरावर होतं, पुंजा.

गोदाबाईनं वरवंटा घेतला. तुही बहीण. तवा रुक्मा पुढं आली अन् तिनं गोदाबाईचा हात धरला. "पुंजादादानं माह्या फोडू देल्ल्या नाही. यायच्याही नका फोडू." तिच्यापाशी ना कागद, ना कोणाची सही. दोन वर्गही शिकली नसीन.

गोदाबाई म्हणली, "माह्या फुटल्या तवा कुठी गेल्तं तुह्या दादाचं पुस्तक?"

रुक्मानं तरी हात सोडला नाही.

एक म्हातारी म्हणली, "तू बाजूले हो व. तुहा पायगुण कसा आहे ते पाह्यलं आम्ही." रुक्मा बाजूले झाली नाही. तिनं दारातून बाहेर पाह्यलं, सरळ माह्याकडं. तुहा दोस्त, रोज तुह्यासोबत वाचणारा, हा त बोलीन, असं तिले वाटलं असीन. मंग तुळसावैनीनं पाह्यलं. डोळ्यात पाणी नव्हतं. नुसत्या पाहत होत्या, कोणाची गाडी येते काय हे पाहावं तशा.

मले बोलायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं की पुंजानं लिहून ठेवलं आहे, कपाट उघडा. पण मनात आलं, मी मुसलमान माणूस, हिंदूच्या घरची मयत, बायकायच्या मधात मी काय बोलू? लोकं म्हणतीन, आमच्या रीतीत नाक खुपसणारा हा कोण? गावात दोन सालापासून हवा कशी आहे ते तुले माहीत होतं. हे सगळं खरं आहे. तरी ते बहाणं आहे. कोणी माहं तोंड धरलं नव्हतं. तिथं मले कोणी मारलं नसतं, फार त दोन शब्द बोलले असते, रुक्माले बोलले तसे. मी नुसता उभा राह्यलो अन् वाट पाह्यली की आधी कोणी दुसरा बोलीन. तुह्या भावाले पाह्यलं, त्यानं मान खाली घातली. तुह्यासोबत ओसरीवर बसणारे दोघं होते, ते पायाकडं पाहत होते. इतले दिवस वाचून आपण हेच शिकलो, पुंजा.

वैनीच्या हिरव्या बांगड्या फुटल्या. एक काच उंबऱ्यावरून अंगणात आली, माह्या चपलेपाशी. म्या पाय मागं घेतला. मंग तुले खांदा देल्ला. खांदा देताना माहा नंबर पह्यला होता, तिथं मले कोणाची लाज वाटली नाही.

आज सकाळी वैनीनं बोलावून घेतलं. मी गेलो. खोलीत कपाटापर्यंत कापूस भरला होता. वैनीचे हात मोकळे, कपाळ मोकळं. म्हणल्या, "सत्तारभाऊ, कपाट घेऊन जा. मोठे भाऊजी म्हणतात, भाव येईपर्यंत कापूस ठेवायले जागा पायजे." लुगड्याच्या टोकातून चावी सोडली, कपाट उघडलं, अन् पिवळं पुस्तक बाहेर काढलं. शोधावं नाही लागलं. हात घातला अन् काढलं. मागचं पान उघडून माह्या हाती देल्लं.

म्या म्हणलो, "वैनी, हे मले माहीत आहे. माहीच सही आहे."

"खाली पाहा."

तुही सही होती. माही होती. अन् त्याच्याखाली निळ्या पेननं, चौथीच्या पोरीच्या गोल अक्षरात, एक ओळ होती: "तिसरी साक्षीदार तुळसा. पाहू, कोण बोलते."

म्या इचारलं, "कवा लिहलं हे?"

"त्याच दिवाळीले. दरसाली कपाट मीच पुसतो नं. तुम्ही लोकं रविवारी वाचत होते, मी दिवाळीच्या आधी आठ दिवस वाचत होती. सगळी वाचली. तुमचं मागच्या पानायवरचं भांडणही."

पुंजा, तुले कळून राह्यलं काय? चाळीसच्या चाळीस. तू म्हणायचा जड मराठी.

मंग मी असं बोललो की आता जीभ झडावी वाटते. म्हणलो, "मंग त्या दिवशी तुम्हीच काऊन नाही बोलल्या?"

त्यायनं माह्याकडं पाह्यलं, दारातून पाह्यलं होतं तसंच. "मीच बोलायचं होतं, त मंग तुम्हा दोघायच्या सह्या कायले होत्या? अन् त्यायनं मले सांगतलं होतं काय? मले सांगतलं असतं त बोलली असती. माह्या बांगड्यायचं ठरलं, अन् मलेच कपाट पुसता पुसता कळलं."

 त्या रडल्या नाहीत. आदतीनं उठल्या, "चहा ठेवतो," म्हणल्या. म्या म्हणलो, नको वैनी. पह्यल्यांदा नको म्हणलो त्या घरी. त्या दारात थांबल्या अन् मागं न पाहता म्हणल्या, "हमीदाबाईचं काय झालं मंग? सहावं पुस्तक संपलं, तरी तुमचं 'आधी तू'च चालू आहे."

पिवळं पुस्तक त्यायनं देल्लं नाही. बाकीची एकोणचाळीस अन् रिकामं कपाट हातगाडीवर टाकून आणलं. आता दुकानात आहेत. कोरी पानं उघडून पाह्यली. तुहं अक्षर घाईचं, माहं वाकडं. तुह्या-माह्या अकला, तुहे-माहे टोमणे. किती हासलो आपण यायच्यावर. आज एकही वाचून हासू येईना. मले तुह्यावर राग आहे, पुंजा. तू तिले एका शब्दानं सांगतलं असतं त माही गरजच नव्हती. माह्यावर त्याच्याहून जास्त आहे, कारण तुही गरज होती तवा मी होतो, अन् नव्हतो.

तरी तुही याद येते. रविवारी याद येईन. पुस्तकं भंगारातून उचलून आणणारा माणूस माह्या दुकानात पुन्हा येणार नाही, हेही खरंच.

सहाव्या पुस्तकाचं मागचं पान भरलं होतं. आज त्याले नवं कोरं पान लावलं अन् शिकंजात ठेवलं. उद्या सकाळच्या एसटीनं रोहिणखेडले जातो. हमीदाले म्हणतो, तुहा हिस्सा घे. जातो म्हणतो, पुंजा. म्हणायले आपण दोघंही पटाईत होतो. फक्त उद्या उंबऱ्यावर पाय अडला, त "आधी तू" म्हणायले समोर कोणी नाही.